पष्टे बाई आणि कडू करांदे

पष्टे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या कुंपणाचा पाला खात होत्या. मी किन्हवलीच्या शाळेत नव्याने रुजू होणारा मराठीचा मास्तर. शहापूरहून एसटीने आलो, फाटकापाशी उतरलो, तर एक ठेंगणी, सावळी, जाड चष्म्याची बाई कुंपणावरच्या वेलीचं पान पुढच्या दातांनी चावत उभी. थोडं चावून तिने ते शांतपणे थुंकलं, रुमालाने ओठ टिपले आणि मला म्हणाली, "गुळवेल. पावसाळ्यातल्यापेक्षा आता कडू झालीय." मी नमस्कार केला. त्या वेळी दुसरं काय करता आलं असतं, हे मला अजून सुचलेलं नाही.

सुमन पष्टे आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. किन्हवलीत एका खोलीत भाड्याने राहत आणि सुट्टी लागली की धसईच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या आपल्या गावी जात. तिथे धाकटा भाऊ बाळाराम भाताची शेती करी. वडील अवेळी गेले तेव्हा बाळाराम नववीत होता. त्याने शाळा सोडून नांगर धरला आणि ताई कल्याणच्या कॉलेजात गेली. बाई याबद्दल बोलत नसत. बाळाराम मात्र शाळेत तांदूळ घेऊन आला की आम्हा सगळ्यांना ऐकवी, "आमच्या घरातला अभ्यास सगळा ताईनं केला, म्हणून मला करायला काय शिल्लकच नाय राहिला." बाई तेव्हा वह्या तपासत असत. मान वर करत नसत, पण लाल पेन थांबलेलं असे.

पान, साल, मूळ, बी, जे हाती येईल ते चाखून पाहायचं, ही त्यांची खोड होती. विषारी काय, ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण नव्याने आलेल्या शिपायाला बाई बागेत चरताना दिसल्या की तो ऑफिसात धावत जाई. त्या म्हणत, जीभ म्हणजे फुकट मिळालेली प्रयोगशाळा आहे आणि सरकारला तिच्यासाठी टेंडर काढावं लागत नाही. कडू चवीबद्दल तर त्या तासन्‌तास बोलू शकत. झाड कडू होतं ते किड्यांनी आणि गुरांनी खाऊ नये म्हणून. त्याने ते द्रव्य स्वतःला वाचवायला बनवलेलं असतं. आपल्याला त्यातून काही फायदा झाला तर तो योगायोग, आणि तोटा झाला तर झाडाचा हेतू सफल. "झाडाला तुमची काळजी नाही," असं त्या आठवीच्या वर्गाला सांगत. मुलांना हे ऐकून जरा वाईट वाटे.

आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, पण त्यांच्या फोनवर रोज सकाळी मानवजातीच्या कल्याणाचे निरोप येत. अमुक पान उपाशीपोटी खा, कॅन्सर पळवा. तमुक बियांचा काढा घ्या, डॉक्टर विसरा. मधल्या सुट्टीत ते हे निरोप शासकीय परिपत्रकाच्या आवाजात वाचून दाखवत आणि स्टीलच्या बाटलीतून हिरवा रस पीत. त्या रसाला गवताचा वास येई, कारण तो गवताचाच होता. एकदा बाईंनी त्यांना विचारलं, कोणता कॅन्सर पळतो? सर गोंधळले. कॅन्सर म्हणजे कॅन्सर. बाई म्हणाल्या, पुष्कळ प्रकार आहेत, सगळे एकाच दिशेने पळतात का?

"बाई, तुम्हाला श्रद्धाच नाही," सर दुखावून म्हणाले.

"आहे ना. पण ती मी पाल्यावर खर्च करत नाही."

वर्गात एका मुलीने विचारलं होतं, हळदीने कॅन्सर बरा होतो हे खरं का? मी शेजारच्या वर्गात होतो. मधली भिंत पातळ, त्यामुळे बाईंचं अर्धं विज्ञान मी भिंतीतूनच शिकलो. त्यांनी सांगितलं, की काचेच्या बशीत वाढवलेल्या रोगट पेशींवर हळदीतलं द्रव्य ओतलं तर त्या मरतात, हे खरं आहे. मग म्हणाल्या, बशीत फिनेल ओतलं तरी मरतात. प्रश्न असा आहे, की आमटीतली चिमूटभर हळद पोटातून रक्तात किती जाते आणि गाठीपर्यंत किती पोचते. फारच थोडी. तुझं पोट म्हणजे बशी नव्हे. मग त्यांनी एका गोळीची गोष्ट सांगितली. ती त्या दरवर्षी सांगत. फळं-भाज्या खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसला. शास्त्रज्ञांना वाटलं, गाजरात असतो तो केशरी रंग हेच कारण असेल. तो रंग गोळीत भरून सिगरेट ओढणाऱ्यांना दिला, तर रोग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. बाई म्हणाल्या, म्हणजे गाजर वाईट नाही. आपल्याला गाजर कळलेलं नाही, एवढंच.

मग खायचं काय, असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर अगदीच बेचव असे. भाजी जास्त, रोज वेगळी. तंबाखू नको, दारू नको. चाला. आणि शौचातून रक्त गेलं, अंगात गाठ लागली, तोंडातला व्रण बरा होईना, तर लाजू नका, डॉक्टर गाठा. एवढ्या साध्या बोलण्याला कोणी टाळी देत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. निदान तेव्हा नव्हतं.

शहापूरला श्रावणात रानभाज्यांचा महोत्सव भरू लागला आणि पष्टे बाईंना वक्त्या म्हणून बोलावणं आलं. मी त्यांची पिशवी धरायला सोबत गेलो. मांडवाबाहेर पाड्यांवरून आलेल्या बाया टाकळा, भारंगी, कुरडूच्या जुड्या आणि कंटोलीचे वाटे घेऊन ओल्या जमिनीवर बसल्या होत्या. मांडवात मान्यवर गादीच्या खुर्च्यांवर बसले होते. बॅनरवर भाजीपेक्षा चेहरे जास्त होते. पाहुण्यांना दिलेले गुच्छ बंगल्याच्या बागेत लावतात तसल्या परदेशी फुलांचे होते आणि दुपारच्या खास जेवणात, रानभाज्यांच्या सन्मानार्थ, पनीर होतं.

त्या पहिल्या वर्षी बाई शाळेत बोलत तशाच बोलल्या. रानभाज्या जरूर खाव्यात, त्यात पुष्कळ चांगलं आहे, पण त्या औषध नव्हेत. भाज्या खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी दिसतात. त्याचं श्रेय भाजीचं किती आणि ती माणसं चालतात, तंबाखू खात नाहीत, याचं किती, ते वेगळं काढणं अवघड आहे. निवेदकाने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्यानंतर कोट घातलेले एक तज्ज्ञ उठले. त्यांनी प्रत्येक जुडी हातात घेऊन ती कोणता रोग मुळापासून उपटते, ते सांगितलं. टाळ्यांनी मांडव हलला. परतताना बाई एसटीत म्हणाल्या, "त्यांचं भाषण माझ्यापेक्षा चांगलं झालं. चुकीचं होतं, पण चांगलं झालं."

पुढच्या वर्षी त्या जाणारच नव्हत्या. गेल्या, त्याला कारण बाळाराम.

त्या उन्हाळ्यात बाळारामला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. रक्त बरेच दिवस जात होतं. मूळव्याध असेल म्हणून त्याने गावठी पुड्या घेतल्या आणि कोणाला सांगितलं नाही. ज्या माणसाच्या बहिणीने सबंध तालुक्याला लाजू नका म्हणून सांगितलं, तो बहिणीलाच लाजला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पण लिव्हरमध्येही गाठी दिसल्या. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की औषधं सोसली तर काही वर्षं मिळू शकतील. बाळारामची बायको यमुना हिला त्यातलं 'काही वर्षं' एवढंच सांगितलं गेलं. सलाइनमधून औषधं देणं सुरू झालं.

महोत्सवाला बाळाराम आणि यमुना मुद्दाम आले. ताईचं भाषण त्याने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत बसला होता. सदरा त्याचाच होता, पण दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. बाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. झाड कडू का होतं, ते आपल्यासाठी कसं नसतं. तेवढ्यात मागून कोणीतरी उठून विचारलं, बाई, ते सगळं राहू द्या, आमी खायाचं काय ते सांगा. लोक हसले. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर तिसऱ्या रांगेवर गेली. बाळाराम जरा पुढे वाकून ऐकत होता. मी स्टेजच्या कडेला उभा होतो, मला दोघंही दिसत होते. बाई थांबल्या. मग म्हणाल्या,

"कडू खा. कडूतच गुण आहे."

टाळ्या थांबेनात. बाईंना नारळ मिळाला होता, आयोजकांनी वर शालही घातली. बाळाराम बसल्या जागी हात वर करून टाळ्या वाजवत होता. परतीच्या गाडीत बाईंनी शाल मांडीवर धरली होती. मी म्हणालो, कारली-भारंगी खाल्ल्याने कोणाचं नुकसान होत नाही, एवढं मनावर घेऊ नका. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तो बघत होता हो," एवढंच म्हणाल्या.

पुढचं सांगण्याआधी करांद्याबद्दल सांगायला हवं. हा वेलीला लटकणारा, बटाट्याएवढा, खरबरीत सालीचा कंद. दिवाळीच्या सुमारास तयार होतो. गोडा करांदा उकडला की खाता येतो. कडू करांदा तसा खात नाहीत. राख घालून उकडायचा, चकत्या करायच्या, टोपलीत भरून वाहत्या ओहोळात दगडाखाली दाबून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी काढायच्या. कडू पाण्याबरोबर जातं. शहापूर-मुरबाडच्या गावांत आणि पाड्यांवर हे कोणी कोणाला शिकवत नाही. भात वैरायचा कसा हे जसं येतं, तसं हे येतं. न धुतलेला कडू करांदा लिव्हरला बाधतो हे पुस्तकात लिहिलेलं असेल. गावाला ते 'बाधतो' एवढ्याच शब्दात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

यमुनेलाही माहीत होतं.

भाऊबीजेला बाई गावी गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. बाळाराम पाटावर बसला होता. डोळे पिवळे दिसत होते. ओवाळून झाल्यावर यमुनेने सगळ्यांना करांद्याची भाजी वाढली आणि बाळारामला वेगळ्या पातेल्यातली. बाईंनी त्याच्या ताटातली एक चकती उचलून तोंडात टाकली. तोंड जाळत गेली. त्यांनी यमुनेकडे पाहिलं.

"यमुने, हे धुतलं नाय?"

"ह्यांचं नाय धूत," यमुना म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "तुमीच बोलल्या ना ताई, कडूतच गुन. मग गुन वढ्यात कशाला सोडायचा?"

यात यमुनेचं तर्कशास्त्र कुठेही चुकलेलं नव्हतं. चुकलेलं होतं ते गृहीतक, आणि ते तिला शाल-श्रीफळासकट मिळालं होतं. आयुष्यभर जे कडू तिने ओहोळाला दिलं, तेच ताईंच्या एका वाक्याने औषध ठरलं. करांदे तयार झाले त्या दिवसापासून ती ते रोज नवऱ्याला घालत होती. बाळाराम खात होता. तिची पाठ वळली तेव्हा तो बहिणीला हळूच म्हणाला, "लय कडू लागतं ग ताई. पन एवढ्या हौसेनं करते."

बाईंनी तिथल्या तिथे खरं सांगितलं नाही. सणाचा दिवस, बाळाराम समोर, पोरं जेवायला बसलेली. त्यांनी यमुनेला सांगितलं, की हॉस्पिटलच्या औषधांबरोबर कडू चालत नाही, आता बंद कर. यमुनेने मान डोलावली, पण तोंड पडलं. दुसऱ्या दिवशी बाई भावाला मुंबईला घेऊन गेल्या. लिव्हर बिघडलं होतं. औषध देता येईना. डॉक्टरांना त्यांनी करांद्याचं सांगितलं तेव्हा यमुना खाली केसपेपरच्या रांगेत उभी होती. डॉक्टर म्हणाले, आधीच लिव्हरमध्ये गाठी, त्यात आमची औषधं, त्यात हे. कशाने किती झालं, सांगता येणार नाही. औषध पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं. पौषात बाळाराम गेला.

मी सांत्वनाला गेलो तेव्हा मला वाटलं, डॉक्टरांच्या बोलण्याचा बाईंना आधार होईल. मी म्हटलं, कशाने काय झालं ते वेगळं काढता येत नाही, हे तुम्हीच तर शिकवत आलात. त्या म्हणाल्या, "एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नाही, असं मी पोरांना सांगायचे. तो एक माणूस कोणाचा तरी असतो, ते सांगायचं राहिलं." त्यानंतर हा विषय मी काढला नाही.

शाळा सुरू राहिली. बाई वेळेवर येत, शिकवत, वह्या तपासत. रानभाज्यांच्या महोत्सवाचं आमंत्रण पुन्हा आलं, ते त्यांनी चष्म्याजवळ धरून वाचलं, दुमडलं आणि परत पाठवलं. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी एकदा सवयीने नवा निरोप वाचायला घेतला आणि मध्येच फोन खिशात घातला. तेवढं त्यांना कळत होतं. भले गृहस्थ होते, असं मी आधीच म्हटलं आहे.

दुसऱ्या वर्षी करांद्यांच्या दिवसांत बाई गावी जाऊन आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. यमुनेच्या शेजारी हिराबाई नावाची बाई राहत होती. तिच्या छातीत गाठ निघाली होती. मुरबाडच्या डॉक्टरांनी तिला मुंबईला जायला सांगितलं होतं, पण ती गेली नव्हती, कारण यमुना तिला कडू करांदे घालत होती. न धुता. यमुनेने बाईंना हे आपणहून सांगितलं. तिच्या मनात सगळं पक्कं बसलं होतं: कडू चालू होतं तोवर नवरा बरा होता, हॉस्पिटलवाल्यांनी ते बंद करायला लावलं आणि तो खचला. "हिराबायचं नाय बंद करू देनार," ती म्हणाली. "ह्यांच्या वेळी तुमी सांगितलं म्हणून मी ऐकलं."

स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी माझ्या परीने मार्ग सुचवला. यमुनेला सगळं सांगायची काय गरज आहे? हिराबाईचा रोग वेगळा, तिला कडू चालत नाही, असं सांगा. हिराबाई वाचेल आणि यमुनेच्या डोक्यावर काही येणार नाही. नवरा गेलेल्या बाईला आणखी हे कशाला? बाईंनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाल्या, "असंच काहीतरी सांगून तर इथपर्यंत आलो, सर." खरं सांगितलं तर यमुना उरलेलं आयुष्य स्वतःच्या हातांकडे बघत काढणार होती. नाही सांगितलं तर हिराबाई जाणार होती, आणि तिच्यानंतर आणखी कोणी. दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि मला सोबत चला म्हणाल्या. एकटी गेले तर ऐन वेळी काहीतरी गुळमुळीत बोलेन, अशी त्यांना भीती वाटत होती.

आम्ही पोचलो तेव्हा यमुना अंगणात सुपाने भात पाखडत होती. मी ओटीवर बसलो. बाई तिच्यासमोर जमिनीवर टेकल्या. पाणी आणायला ती उठू लागली तर तिला बसवलं. बाईंनी आडवळण घेतलं नाही. कडू करांद्यातलं जे ओहोळात जातं ते विष असतं, ते लिव्हरला मारतं. बाळारामचं लिव्हर त्याने बिघडलं. कडू बंद केल्यामुळे तो खचला नाही, खाल्ल्यामुळे खचला. आणि हे सगळं आपल्या त्या भाषणामुळे झालं. ते भाषण चूक होतं आणि बोलतानाच आपल्याला ते माहीत होतं.

यमुनेने सूप खाली ठेवलं नाही. तसंच धरून बसली.

"म्हंजे मी घातलं," ती म्हणाली.

"मी सांगितलं म्हणून घातलंस."

"घातलं तर मीच ना, ताई. तुमी त एकदा बोलल्या. मी रोज घातलं."

थोड्या वेळाने यमुनेने विचारलं, "ह्यांना कळलं व्हतं?"

"नाय," बाई म्हणाल्या. "त्याला नुसतं कडू लागत होतं."

मला वाटतं, बाईंच्या तोंडून निघालेलं याहून दुष्ट आणि याहून दयाळू वाक्य मी ऐकलेलं नाही. यमुना उठली. सूप ओटीच्या कडेला टेकवलं, पदर खोचला आणि कुंपणातून हिराबाईच्या घराकडे गेली. तिकडून एक पातेलं आपटल्याचा आवाज आला. कोंबड्या येऊन सुपातला भात टिपू लागल्या तेव्हा बाईंनी उठून त्यांना हाकललं आणि उरलेला भात स्वतः पाखडून टोपलीत भरला. यमुना परत आली ती मागच्या दाराने घरात गेली. बाईंनी एकदा हाक मारली. आतून भांडी हलल्यासारखी वाटली, पण उत्तर आलं नाही. धसईला जाणाऱ्या गाडीची वेळ झाली, तसे आम्ही निघालो.

त्यानंतर यमुना बाईंशी बोलली नाही. वर्षश्राद्धाचा निरोप भाच्याकडून आला. भाऊबीजेला निरोप यायचा प्रश्नच नव्हता. बाई गावी जात, पण हिराबाईकडे उतरत. शेजारच्या कुडापलीकडे यमुना वावरताना दिसे, पदर डोक्यावर, नजर कामात. हिराबाईला हॉस्पिटलात न्यायचं काम बाईंनी अंगावर घेतलं. पहिल्या खेपेला तिला कोणी तयार केलं, हे बाईंना हिराबाईकडूनच कळलं. यमुनेनेच तिला आंघोळ घालून, लुगडं नेसवून धसईच्या स्टँडवर आणून एसटीत बसवलं होतं. मात्र बाई स्टँडवर पोचायच्या आत यमुना निघून गेली होती.

बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ करू नका, असं लेखी दिलेलं असूनही तो झाला. त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी त्या खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. यमुना अंत्यदर्शनाला आली होती. कोणाशी न बोलता पायापाशी बसली आणि सगळ्यांच्या आधी उठली. शोकसभेत एका वक्त्याने रानभाज्यांनी कर्करोग हटवण्यासाठी बाईंनी आयुष्य वेचलं, असं सांगितलं. मी उठून काही बोललो नाही. सभा तिथेच थांबवून गोळीची गोष्ट सांगायची म्हटलं तर तास पुरला नसता.

मला त्या शेवटच्या दिसल्या ते त्याआधी काही महिने, मुरबाडच्या एसटी स्टँडवर. मी एका लग्नाला चाललो होतो. बाकावर बाई आणि हिराबाई बसल्या होत्या, कल्याणच्या गाडीची वाट बघत. औषधांनी हिराबाईचे केस गेले होते, तिने पदर कपाळापर्यंत ओढला होता. पण चेहऱ्यावर बरं होत चाललेल्या माणसाचं तेज होतं, आणि तोंड अखंड चालू होतं. बाई वाळल्या होत्या. मी शेजारी बसलो. हिराबाईने मांडीवरचं फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, वालाचं बिरडं होतं. तिने एक भाकरी बाईंपुढे धरली. बाई म्हणाल्या, तू खा, माझं झालंय.

"झालं असंल," हिराबाई म्हणाली. "पन यमुनावयनीनं बांधून दिल्यात. बोलली, ताईला इचारू नको, नुसती पुढं कर."

बाई भाकरीकडे बघत राहिल्या. "आणि काय बोलली?"

"काय नाय. येवढंच."

बाईंनी भाकरी घेतली. फलाटाला कल्याणची गाडी लागली, कंडक्टर दांडा धरून ओरडू लागला, आजूबाजूचे लोक पिशव्या उचलून धावले. हिराबाई अर्धवट उठली, मग बाईंकडे पाहून पुन्हा खाली बसली आणि मला म्हणाली, "जाऊ दे, मास्तर. मागची पकडू." बाई मान खाली घालून घास चावत होत्या. गाडी फलाटावरून मागे सरकली, वळली आणि निघून गेली. त्या खात होत्या.